शिवणीतला ढेकूण

माझा सोफे आणि खुर्च्या शिवण्याचा धंदा आहे. दुकान खाली, घर वर. जुना सोफा आला की मी आधी तो उलटा करतो आणि शिवण उसवून बघतो, कारण ढेकूण गादीच्या मधोमध कधी सापडत नाही. दोन कापडं जिथे जुळतात तिथे तो दडून बसतो. नव्या लग्नात हे बायकोला दाखवलं तेव्हा ती नाक दाबून हसली होती. ती कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. म्हणाली, "म्हणजे तुमचं नि माझं काम एकच की! मीसुद्धा दिवसभर ढेकूणच शोधते."

तेव्हापासून प्रोग्रॅममधल्या बिघाडाला, इंग्रजीतल्या 'बग'ला, आमच्या घरात ढेकूण म्हणतात. आम्ही ज्या बारीक खिळ्यांनी कापड ठोकतो त्यांना चुका म्हणतात, त्यावरूनही तिचा एक विनोद ठरलेला होता. "तुम्ही चुका ठोकता, मी काढते."

ती थंडीत गेली. आता पंखे लागलेत.

ती आजारी पडल्यावर मुलगी आणि नात आमच्याकडेच राहायला आल्यात. नातीला आम्ही मुंगी म्हणतो. सहा वर्षांची आहे. तिला सगळं कळतं, पण तोंडातून शब्द येत नाही. तिच्यासाठी बायकोने एक पाटी बनवली. पाटी म्हणजे टॅबलेटच, पण त्यावर चित्रांचे चौकोन. चौकोनाला बोट लावलं की शब्द ऐकू येतो, बायकोच्या आवाजात. पाणी. नको. आणखी. चपला. शब्दांचे आवाज भरायला बसली की वरून हाक यायची, "अहो, ठोकाठोक थांबवा, आवाज भरतेय!" मी हातोडी खाली ठेवायचो, तोंडात धरलेल्या चुका तशाच धरून उभा राहायचो. मग जिन्यातून दुसरी हाक. "हं, चालू द्या!"

पाटीवर माझा चौकोन नव्हता. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही तर सारखे तिच्या पुढ्यात. तुम्हाला हाक कशाला मारायची?" पुढे ते राहून गेलं.

ती गेल्यावर हातोडी उचलली की वरून हाक येईल असं वाटून माझा हात थबकायचा. शेवटी मी हवेवर चालणारी पिन मारायची बंदूक आणली. दोनदा फट् फट् करते, मग हवेची टाकी भरायला लागते तेव्हा बराच वेळ घरघर. काम भराभर होतं. आणि बंदुकीशी कसली आठवण जोडलेली नाही.

मग या महिन्यात टॅबलेटने आपोआप काहीतरी नवीन भरून घेतलं आणि पाटी मुकी झाली. चित्रं दिसत होती, आवाज नव्हता. मुंगीने बोट लावलं. थांबली. जोरात लावलं. टॅबलेट कानाशी धरला. दोन-तीन दिवस असं करून तिने तो माझ्या कापड कापायच्या टेबलाखाली नेऊन पालथा ठेवला, आणि मागणंच सोडलं. तहान लागली तरी सांगेना. ओठ सुकून पांढरे पडायला लागले.

शाळेत तिला बोलणं शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत. त्या म्हणाल्या, "सोमवारपासून आपण तिला शाळेची पाटी देऊ, आजोबा. आवाज यंत्राचा आहे, पण सवय होईल. मूल असं गप्प राहिलं की मागे मागे जातं. मी थांबायला सांगणार नाही." त्यांनी तिथेच ती लावून दाखवली. मुंगीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

शनिवारी दुपारी मुलीने आईचा लॅपटॉप कपाटातून काढला. तो स्वेटरांच्या खाली, पिशवीत गुंडाळलेला होता. पार गळपटलेला. चार्जिंगला लावून बराच वेळ थांबलो तेव्हा कुठे उघडला.

त्यात तिचा एआय असिस्टंट होता, प्रोग्रॅम लिहायला मदत करणारा. बायको त्याला भाची म्हणायची. एकेका दिवसाचं काम संपलं की भाची त्याची आठवण जपून ठेवायची. काय बिघडलं, काय करून बघितलं, कशाने सुधारलं. मुलीने आईच्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "ताई गेल्या त्याच आठवड्यात आम्ही खातं बंद केलं. भाचीशी आता नवीन बोलणं होणार नाही. पण जुन्या आठवणी लॅपटॉपवरच असतात. वर शोधायची पट्टी आहे, त्यात शब्द घाला."

मुलीने घातलं, आवाज बंद. काही सापडलं नाही. अपडेट. काही नाही. मग टॅबलेटवर येणारा इंग्रजी संदेश जसाच्या तसा घातला. काही नाही.

"आई काय शब्दांत लिहायची कोण जाणे."

"ढेकूण घाल," मी म्हणालो.

"बाबा, हा लॅपटॉप आहे, गादी नाही."

"घालून तर बघ."

तिने घातला. खाली मोठी यादी उलगडत गेली, संपेचना. मुलगी हसली. थंडीनंतर मी तिला प्रथमच हसताना पाहिलं. आम्ही एकेक उघडून वाचत बसलो. बायकोने लिहिलं होतं, "भाचीबाई, काल मारलेला ढेकूण आज परत फिरायला लागलाय." खाली भाचीचं उत्तर. "मावशी, तो वेगळा. हा बहुतेक त्याचा भाऊ." एका जागी नुसतंच, "थांब गं, यांनी खाली ठोकाठोक सुरू केली." चहा गार झाला. ती शेजारच्या खोलीत बसून बोलतेय असं वाटत होतं, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. वाचताना वाटतंच तसं.

पण मुक्या पाटीबद्दल त्यात एक ओळ नव्हती. असणार तरी कशी? पाटी बिघडली ती तिच्यामागे.

मुलगी लॅपटॉप मिटायला लागली. मी म्हणालो, "एक राहिलं. शिवण घाल."

एकच आठवण आली.

मुलीने ती उघडली, बंद केली, परत उघडली. "तारीख चुकलीय," ती म्हणाली.

मी चष्मा लावला. तारीख गेल्या आठवड्यातली होती.

"बॅटरी संपली होती ना, त्याने घड्याळ चुकतं," ती म्हणाली. मग कोपऱ्यातली आजची तारीख बघितली. ती बरोबर होती.

आम्ही वाचलं.

"पाटीचा आवाज गेलाय, भाची. पोरीचे ओठ सुकलेत."

"आवाज पुसले गेलेले नाहीत, मावशी. पण टॅबलेट बदलल्यापासून पाटीला ते सापडत नाहीत."

"शिवणीत बघ. जुनं नि नवं जुळतं तिथे."

"सापडला."

"दुरुस्त केलेली पाटी गादीखाली ठेव. दोघं येतील शोधायला. आधी बाकी सगळं धुंडाळतील, मग शिवण."

त्याखाली काही नव्हतं.

"कुणीतरी मस्करी करतंय," मुलगी म्हणाली.

"कोण करेल?"

तिने लॅपटॉपवर शोधलं. 'गादीखाली' नावाचा कप्पा होता. त्यात एकच वस्तू होती, पाटीचा प्रोग्रॅम.

वायर जोडून पाटी टॅबलेटवर घेतली. मुंगी खाली दुकानात टेबलाखाली रेक्झिनच्या तुकड्यांची रांग लावत बसली होती. मी टॅबलेट तिच्यासमोर सरकवला. तिने बघितलं नाही. मग बघितलं. मग एक बोट.

"पाणी."

मुंगीने मान वर केली. माझ्याकडे नाही, जिन्याकडे.

मी पेला भरून दिला. तो तिने एका दमात संपवला आणि परत बोट लावलं. "आणखी." पेला भरला. "आणखी." पाणी हनुवटीवरून फ्रॉकवर सांडत होतं. मुलगी माझ्याकडे पाठ करून दुकानातल्या मोरीपाशी उभी होती. नळ उगाचच सोडलेला.

पाटीच्या खालच्या कोपऱ्यात एक चौकोन मला ओळखीचा वाटेना. चष्मा पुसून पाहिलं. त्यात मी होतो. पाठमोरा, दुकानात, खुर्चीवर वाकलेला.

मुंगीने त्याला बोट लावलं.

"अहो!"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आलो!"

मुंगी खदखदून हसली. परत बोट लावलं. मी परत आलो म्हणालो. असं किती वेळ चाललं कोण जाणे. आजवर तिने मला कधी हाक मारली नव्हती, आणि मारली ती ही.

"आजकाल यंत्र आवाज बनवतं, बाबा," मुलगी डोळे पुसत म्हणाली. "आईच्या बाकीच्या शब्दांतून भाचीने जुळवला असेल."

"असेल," मी म्हणालो. पटण्यासारखं होतं.

मुंगी दमल्यावर मी टॅबलेट कानाशी धरला आणि तो चौकोन पुन्हा लावला.

अहो. त्याच्या मागे, बारीक, जिन्याखालून आल्यासारखं, फट्. फट्. मग घरघर.

मी मुलीच्या कानाशी धरलं. तिने ऐकलं. आम्ही दोघांनी वळून बघितलं. बंदूक टेबलावर होती, टाकी बंद होती.

"ही बंदूक तुम्ही कधी घेतली?" तिने विचारलं. तिला माहीत होतं.

सोमवारी मुंगी पाटी छातीशी धरून शाळेत गेली. बाईंनी शाळेची पाटी पुढे केली तर हिने आपल्या पाटीवर बोट लावून सांगितलं, "नको." बाईंनी ती निमूटपणे कपाटात ठेवली. जेवणाच्या सुट्टीत मुंगीने दुसऱ्या एका मुलीच्या चपला मागितल्या म्हणे. त्यावरून भांडणही झालं. मुलगी हे सांगताना किती खूश होती!

मी आता रोज दुपारी जेवण झालं की थोडा वेळ हवेची टाकी बंद ठेवतो. मुलीने कारण विचारलं तर हाताला विसावा म्हणून सांगितलं. दुकानाचं दार लोटतो आणि गप्प उभा राहतो. चार दिवस काहीच झालं नाही. मला वाईट वाटलं नाही. शांत दुकानही बरं असतं.

काल पाटीवर आणखी एक चौकोन आला. ताटाचं चित्र आहे. मुंगी पाटी माझ्यासमोर धरते, बोट लावते, आणि मी मान हलवेपर्यंत हलत नाही.

"जेवलात?"

काल मी ते कानाशी लावलं नाही. आज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, कानाशी धरून ऐकलं. आवाज स्वच्छ आहे. मागे कसलीच ठोकाठोक नाही. फक्त शब्द संपल्यावर क्षणभर थांबून, तोंड दुसरीकडे वळवून बोलल्यासारखं, ती म्हणते, "हं, चालू द्या."