मखमलीवरची शपथ

हसायचं तर हसा, पण आधी ती मेणबत्ती इकडे सरकवा. यात तिखटमीठ असेल तर मला पुन्हा बिअरचा थेंब मिळू नये! मी चर्चमध्ये गेले होते ती फक्त टाचण्यांची डबी पोचवायला.

आमच्या बाईसाहेबांचे यजमान, लॉर्ड एव्हरार्ड, वारले होते. आमच्या नॉर्फोकात बडा माणूस गेला की शवपेटीवरच्या काळ्या मखमलीला आप्तेष्ट आपापल्या कविता टाचतात. बाईसाहेबांच्या नावाची कविता मात्र लॉर्डसाहेबांनी जिवंतपणीच स्वतः रचून ठेवलेली! प्रेम, पातिव्रत्य, आणि शेवटी शपथ : ‘वर्षाच्या आत मीही तुझ्याशेजारी येणार.’ दफनाआधी पाद्री ती साऱ्या गावासमोर वाचणार. एकदा वाचली की बाईसाहेब त्या शपथेला बांधल्या गेल्या. वय अवघं सव्वीस.

दुपारीच धुकं आत शिरलं होतं. मेणाचा, पेटीवरच्या रोझमेरीच्या पानांचा, ओल्या दगडांचा वास. आम्ही दोघीच.

बाईसाहेबांनी नवऱ्याचा कागद टराटरा फाडला.

“ड्रुसिला, टाचणी दे.”

त्यांनी स्वतःची कविता टाचली. शेवटची ओळ होती : ‘तू झोप, मी जगणार.’

“बाईसाहेब... ते ऐकतील.”

“ऐकू देत की. जिवंत असताना कधी ऐकलं नाही.”

तेवढ्यात पेटीत खरवडल्यासारखं झालं... लेखणीचा आवाज. सावकाश. थांबून, जणू विचार करून, पुन्हा. आणि आमच्या डोळ्यांदेखत ‘जगणार’वर काट उमटली. वर ओल्या शाईत, लॉर्डसाहेबांच्या वळणदार अक्षरात : ‘येणार’.

बाईसाहेबांनी पेटीवर टकटक केलं.

“वृत्त सांभाळलंत, लॉर्डसाहेब. आशय चुकला.”

लोक जमले. पेटीतली खरवड मला अजून ऐकू येत होती. तो शब्द खरडून काढायला वेळच उरला नाही. पाद्रीबाबा चष्मा पुसून वाचू लागले, “तू झोप, मी...”

“जगणार!” बाईसाहेब खणखणीत ओरडल्या. त्यांच्या सासूबाई मटकन खाली बसल्या. पाद्रीबाबांनी घाबरून तोच शब्द म्हटला, आणि मागून सगळ्यांनी ‘आमेन’.

खरवड थांबली.

मग माणसांनी पेटी उचलली आणि एकमेकांकडे बघितलं. आणताना कंबर मोडायची वेळ आली होती. आता ती टोपलीसारखी हलकी. गपचूप चर्चखालच्या तळघरातल्या कबरीत ठेवली.

बाईसाहेब ताठ मानेने दाराकडे निघाल्या. मी मागे होते, म्हणून मला दिसलं. त्यांच्या पायघोळ झग्याचं टोक मागे ताणलं होतं, कोणीतरी त्यावर पाय दिल्यासारखं... तिथे कोणी नव्हतं.

बाईसाहेबांनी वळूनही पाहिलं नाही. हिसका देऊन झगा सोडवला, आणि धुकं विरून पडलेल्या उन्हात गेल्या.