तोंडातला दगड

काळं कापड आणायला हाडवाली दुपारच्या सुट्टीत बाजारात गेली होती. दुकानदाराने आधी मखमल दाखवली, मग सॅटिन दाखवलं, आणि बाई कशालाच मान डोलवत नाही म्हटल्यावर एक जाडंभरडं सुती कापड तिच्यासमोर उलगडत विचारलं, "पडद्यांसाठी हवंय का ताई?"

"नाही. एका बाईला निजवायचंय त्यावर."

दुकानदार कात्री हातात धरून तिच्याकडे बघतच राहिला. पण उभा जन्म दुकानात काढलेला माणूस तो, फार वेळ गोंधळून राहणं त्याला परवडणारं नव्हतं. "मग थोडं लांबच कापतो," तो म्हणाला.

हाडवाली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. ती संग्रहालयात कामाला होती, मागच्या बाजूच्या बुटक्या खोलीत. मोडकी हाडं आणि फुटकी भांडी जोडून देणं हे तिचं काम. दारावरच्या पहारेकरी काकांनी कधीतरी गमतीने हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की पगाराच्या दिवशीसुद्धा "हाडवाली आली का?" अशीच विचारणा व्हायची. त्याचं तिला काही वाटत नसे. नोकरी मात्र कंत्राटी होती, दरवर्षी संचालकसाहेबांच्या सहीवर लोंबकळणारी, आणि त्या सहीचा महिना जवळ आला की तिची झोप उडायची.

तर ही काळ्या कापडावर निजायची बाई. गावाबाहेर गटाराचं खोदकाम चाललं होतं, तिथे जुन्या दफनभूमीच्या भिंतीपलीकडे ती सापडली. भिंतीच्या आत सगळे एकमेकांच्या शेजारी झोपलेले आणि ही तेवढी बाहेर, एकटी. काही शतकं तरी मातीत काढली असावीत तिने. आणि तिच्या तोंडात एक दगड होता. मुठीएवढा. जबडा ताणून, ठोकून बसवलेला. ठोकताना समोरचे दात तुटले होते, दाढा तेवढ्या शाबूत होत्या.

संचालकसाहेबांचा आनंद गगनात मावेना. "रक्तपिपासू!" ते टाळी वाजवून म्हणाले. "थडग्यातून उठून माणसांचं रक्त पिणारी! अहो, लोक रांगा लावतील." लाल अक्षरांची पाटी त्यांनी त्याच दिवशी रंगवायला टाकलीसुद्धा.

हाडवालीने बाईला काळ्या कापडावर निजवलं, बारीक तारेने जबडा कवटीला बांधला, दगड होता तसा तोंडात बसवला आणि दार ओढून घरी गेली.

सकाळी येऊन बघते तर काळ्या कापडावर, हनुवटीच्या बरोबर खाली, पांढरी पूड पडलेली.

हाड झडतंय की काय? तिने भिंग लावून पाहिलं. हाड नव्हतं, दगडाची पूड होती ती. एवढी वर्षं मातीत होता, आता हवा लागून सुटत असेल, असं म्हणून तिने ब्रशने कापड साफ केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पूड. तिसऱ्या दिवशीही. आणि त्या दुपारी खोलीची हवा कोरडी ठेवणारं यंत्र बंद पडलं. दिवसभर त्याची घरघर कानाला इतकी सवयीची झालेली, की ती थांबल्यावर खोली एकाएकी मोठी वाटायला लागली. ओल्या मातीचा वास आला. मग त्या शांततेत, टेबलाच्या बाजूने...

कर्र.

थोडं थांबून पुन्हा... कर्र... जेवताना दाताखाली खडा यावा तसं.

हाडवाली उठली आणि शक्य तितक्या सावकाश चालत दारापाशी गेली.

"काका, उंदीर झालेत का हो आपल्याकडे?"

पहारेकरी काकांनी तिच्याकडे न बघता विचारलं, "तुम्हालाही... ऐकू येतं?"

"तुम्ही काय करता मग?"

"मी रेडिओ लावतो," काका म्हणाले.

संध्याकाळी जेवताना तिने आईला हे सांगितलं नाही. आवाजाचं सोडून बाकी सगळं सांगितलं. आईचं वय झालं होतं, कान मात्र तिखट होते आणि जीभ त्याहून.

"पण दगड कशाला घालायचे गं?" आईने विचारलं.

"अगं, साथ यायची. नाहीतर घरात क्षय शिरायचा. एक जायचं, मग दुसरं, मग तिसरं. का जातायत ते कुणालाच कळायचं नाही. मग म्हणायचे, जी पहिली गेली तीच मातीतून बाकीच्यांना खातेय. थडगं उकरायचे. आत प्रेत फुगलेलं असायचं. मेलेलं माणूस फुगतंच ना? तोंडातून काळपट लाल पाणी यायचं, त्याने तोंडावरचं कापड कुजायचं. ते बघून म्हणायचे, बघा, ओठाला रक्त आहे! कापड चावतेय! कातडी आकसून नखं उघडी पडायची, तर म्हणायचे नखं वाढलीत. झालं. मग तोंडात दगड ठोकायचा. चावता येऊ नये म्हणून."

"आणि तुझी ही बाई? तिला काय झालं होतं?"

"क्षयच. मणक्यांवर खुणा आहेत."

आई उठली, आपला कप विसळला आणि खिडकीत पालथा घातला. बाकीची भांडी फडताळात असत, आईचा कप खिडकीत. हाडवालीला कळायला लागल्यापासून तो तिथेच होता.

त्या कपाची गोष्ट घरात दोघींनाच ठाऊक होती. हाडवाली लहान असताना आईला खोकला लागला. मग तिच्या दिराला, मग नवऱ्याला. ते दोघे गेले आणि आई औषधांनी वाचली. वाचली, हाच तिचा गुन्हा ठरला. दिराला खाल्लं, नवऱ्याला खाल्लं, आता पोरीलाही खाईल, असं सख्ख्या जावेने चार लोकांत म्हटलं होतं. आई कितीतरी वेळ सांगत राहिली, की डॉक्टरांना विचारा, आजार आहे हा, माझी चूक नाही. कुणी ऐकून घेतलं नाही. पोरीला काखेत मारून तिने ते गाव सोडलं. आजार केव्हाच बरा झाला, कप मात्र वेगळाच राहिला.

"अजून आहे तो दगड तिच्या तोंडात?" खिडकीकडे तोंड करूनच आईने विचारलं.

"आहे."

"आता कोणी घातलाय?"

हाडवालीने हातातला घास परत ताटात ठेवला.

"मी," ती म्हणाली.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती संचालकसाहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, दगड काढते मी. आणि ती पाटी बदला. आजारी होती ती बाई, बाकी काही नाही."

साहेब आधी हसले. ती हसत नाही हे पाहिल्यावर त्यांच्या कपाळाला आठी पडली. "दगडाशिवाय आहे काय तिच्यात? हाडांचा ढीग! त्या दगडासाठी लोक येणार आहेत." ते तडक मागच्या खोलीत आले, कपाटातला कडक डिंक काढला आणि स्वतःच्या हाताने दगडाच्या कडेने सगळीकडे ओतला. दाढांवर, टाळूवर, ओघळ हनुवटीवर आले तरी ओततच राहिले. हाडवाली दात-ओठ खात बघत होती.

"उद्या पाहुण्यांसमोर हा दगड जागेवर नसला," साहेब हात पुसत म्हणाले, "तर परवापासून तुम्हीही जागेवर नसाल."

ते गेले. हळूहळू सगळेच गेले. थंडीचे दिवस, पाच वाजले की खिडकीबाहेर धुकं दाटायचं आणि काचेवर हाताने पुसावं असा ओलावा साचायचा. हाडवालीने टेबलावरचा दिवा जवळ ओढला, डिंक विरघळवणाऱ्या औषधात कापसाचे बोळे भिजवले आणि बाईच्या तोंडापाशी बसली. नोकरी गेली तर घर कसं चालणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तोंडात मारून बसवलेला तो दगड बघितला की तिच्या डोळ्यांपुढे आईच यायची, लोकांसमोर उभी राहून सांगत असलेली, सांगत असलेली, आणि तिला संताप यायचा.

डिंक मऊ व्हायला वेळ लागला. ओल्या मातीचा वास आता चांगलाच दाटला होता. तिने तार सोडवली आणि टेबलाच्या खणात ठेवली. मग उजव्या हाताची दोन बोटं दगडाच्या मागे सरकवली. आत गारठा होता.

कर्र.

या वेळी तो आवाज तिच्या बोटांखालून आला. जबडा वर येत होता. सावकाश, अगदी सावकाश. तार नाही, स्नायू नाही, काही नाही, तरी येत होता. दाढा तिच्या बोटांवर टेकल्या... आणि टेकून राहिल्या. अजून थोडा जोर आला असता तर बोटं गेलीच होती.

पळावंसं तिला वाटलं. फार वाटलं. पण बोटं आतच ठेवून ती पुढे वाकली आणि कुजबुजली, "बाई... मी काढायला आलेय. घालायला नाही."

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मग बोटांवरचा भार हलका झाला. हाडवालीने दगड धरला, थोडा तिरका केला, आणि तो निघाला.

दिव्याखाली धरून पाहिल्यावर तिला कळलं. बाहेरून दिसायची ती बाजू खडबडीत, गोल, होती तशी होती. आतली बाजू मात्र पार खोल झिजली होती. तिथे दाढांच्या खुणा होत्या, एकीवर एक, एकीवर एक, जुन्या काळवंडलेल्या, आणि सगळ्यांत वरच्या ताज्या, पांढऱ्या.

"एवढी वर्षं..." ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. भीतीने नव्हे. त्या बाईने हार मानली नव्हती, म्हणून.

तिने दगड टेबलाच्या कोपऱ्यात ठेवला. मागे टक् असा आवाज झाला. वळून पाहिलं तर जबडा मिटला होता.

घरी येताच आईने फक्त तिच्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. "काढलास?"

"काढला."

हाडवालीने खिडकीतला कप उचलला, माठातलं पाणी त्यात ओतलं आणि घटाघटा प्यायली. "अगं, तो नको!" म्हणत आई निम्मी उठली, आणि मग पुन्हा खाली बसली. कप त्या रात्री फडताळात गेला.

सकाळी ती साहेबांची वाट बघत दारातच उभी राहिली. "दगड टेबलावर आहे," ती म्हणाली. "मला कामावरून काढायचं असेल तर कागद आणा, सही करून देते. पुन्हा तिच्या तोंडात मात्र मी घालणार नाही."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. "मी घालतो ना!" ते आत गेले आणि दार आपटून लावून घेतलं. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागायला सुरुवात झाली होती. पहारेकरी काकांनी रेडिओ बंद केला. आतून आवाज आला नाही, कसलाच नाही.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. एका बोटाला रुमाल घट्ट गुंडाळलेला, आणि रुमालातून रक्त येत होतं.

"जबडा... दातखीळ बसल्यासारखा... उघडतच नाही," ते म्हणाले.

"बोटाला काय झालं साहेब?"

"तारेने कापलं."

तार तिच्या खणात होती. खणाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या कमरेला. ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. त्यांनीच नजर खाली घातली.

"पाटीवर काय लिहू?" तिने विचारलं.

"काय लिहायचं ते लिहा," साहेब म्हणाले. त्या खोलीत त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही, आणि त्या वर्षी हाडवालीच्या कागदावर सही न मागता झाली. वाकडीतिकडी झाली, कारण बोटाची पट्टी अजून निघाली नव्हती.

पाटीवर तिने लिहिलं: "ही बाई आजारी होती. घरात पहिली गेली, म्हणून बाकीच्यांच्या मरणाचा आळ हिच्यावर आला." दगड फेकून द्यायला नियमात बसत नव्हतं. तो तिने समोरच्या भिंतीशी, वेगळ्या काचेच्या पेटीत, उरलेल्या काळ्या कापडाच्या तुकड्यावर ठेवला. बाईच्या आणि दगडाच्या मध्ये अख्खं दालन होतं.

थंडी सरल्यावर एके दिवशी आई बघायला आली. काठी टेकत बाईपाशी गेली, मिटलेल्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली, पाटी वाचली. मग समोरच्या पेटीकडे वळली. तिथे पहारेकरी काका हातात फडकं घेऊन उभे होते, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"रोज पुसतो हो," ते हळूच म्हणाले. "कुलूप मीच लावतो. किल्ली माझ्याकडे. तरी सकाळी..."

काळ्या कापडावर, दगडाच्या खाली, पांढरी पूड होती. दगड लिंबाएवढा राहिला होता.

हाडवालीने आईचा दंड धरला. आईने तो सोडवून घेतला, पेटीवर वाकली आणि काचेला कान लावला. तिला काय ऐकू आलं कुणास ठाऊक, पण तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"पुसू नका," ती काकांना म्हणाली. "चावू दे तिला. अजून उरलाय की."