पाच दगडांचा वारा

पहिल्यांदा दिसला तेव्हा तो माझ्या पोह्याच्या पापडांवर सावली पाडून उभा होता.

"बाजूला व्हा. पापड उन्हात घातलेत, तुमच्या सावलीत नाही."

तो सरकला. साठी ओलांडलेला, डोक्यावर टोपी, हातात पावशेरभर वजनाचं ड्रोन. श्यामकांत, बी विंगमधला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. माझा नवरा जाऊन बारा. पावसाआधी सोसायटीच्या भिंतींच्या भेगांचे फोटो काढायचं काम कमिटीने त्याच्या गळ्यात घातलं होतं. चार भिंती, की काम संपलं.

"रुक्मिणीबाई ना? वारा किती असेल हो?"

"फोन आहे ना हातात?"

"फोन सगळ्या मुलुंडचा वारा सांगतो. या गच्चीचा कोण सांगणार?"

एवढं मात्र शहाण्यासारखं बोलला. मी चौथीत शाळा सोडली, पण या गच्चीवर तीस उन्हाळे पापड घातलेत. पापडांवर जुन्या साडीचं सुती जुनेर पसरते. वारा नसला तर दगड लागत नाही. जरा हललं की वाऱ्याकडच्या दोन टोकांवर दोन. जोर असला की चारी टोकांवर चार. आणि तरी मधेच फुगायला लागलं, तर पाचवा मधोमध. त्याखालचे चार पापड मोडतात, मोडू देत.

हे सांगितलं तर त्याने वहीत लिहून घेतलं. "म्हणजे दोनाला बिनधास्त उडवायचं, चाराला विचार करायचा, पाचाला ड्रोन पेटीत. तुम्ही तर आमची वेधशाळाच!"

मी हसले नाही. पापड उलटले.

तीन दिवसांत तीन भिंती झाल्या. काम झालं की तो टाकीच्या आडोशाला बसून ड्रोनचं कौतुक सांगायचा.

"वाऱ्यात एका जागी थांबायचं तर ते वाऱ्याकडे झुकतं. किती झुकलं ते बघायचं, वारा कळतो."

"मग मला कशाला विचारता रोज?"

तो टोपी नीट करत राहिला...

चौथ्या दिवशी एकच भिंत उरली. जुनेर जेमतेम हलत होतं.

"आज किती?"

मी खोटं बोलत नाही. सुनांना विचारा, खरं बोलूनच रडवलंय त्यांना. तरी पाचवा दगड उचलून मधोमध ठेवला. खाली कडकड वाजलं.

"पाच."

त्याने आभाळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग आज नको," म्हणाला, आणि पेटी मिटून तासभर बसला.

असे आठ दिवस गेले. धाकटी सून अक्षता म्हणाली, "आई, रोज बरोबर चारच पापड कसे हो मोडतात?"

"मोजत बसण्यापेक्षा भाजून दे."

तिने भाजले. त्याने खाल्ले.

मग एके दिवशी डोंगराकडून खरंच वारा सुटला. चार दगड ठेवले तरी जुनेर फुगलं. पाचवा ठेवला.

"किती?" तो टाकीच्या आडोशाला. तिथे त्याला वारा काय कळणार?

"पाच."

"रोजचेच ना?" तो गालात हसला. "कमिटी मागे लागलीय, बाई. आज उडवतोच."

आजचे खरे आहेत म्हटलं असतं, तर आधीचे कसले होते तेही सांगावं लागलं असतं. मी गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

ड्रोन वर गेलं आणि असं तिरकं झालं, की मी तसं कधी बघितलं नव्हतं. खाडीकडे वाहत निघालं. तो कठड्याशी धावला. टोपी उडाली, त्याने बघितलीही नाही. परत ओढतोय, पण ते इंचभर पुढे येईना.

"श्यामकांत! आजचे पाच खरे आहेत!"

"आणि आधीचे?"

"दोन! सगळे दोनच होते! आता आधी खाली घ्या ते — दुसऱ्या मजल्याच्या दोरीवरचे टॉवेल बघा, हलत नाहीयेत. वारा वर आहे!"

त्याने ते खाली घेतलं, भिंतींच्या आडोशाने हळूहळू आणलं, वॉचमनच्या केबिनजवळ टेकवलं. एक पातं तुटलं, तेवढंच.

मग तो खाली जाऊन ड्रोन आणि टोपी दोन्ही घेऊन वर आला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "आठ दिवसांत गच्चीवर येता-जाता माझी टोपी एकदाही हलली नव्हती."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही पापड मोडत होतात... मी काय बोलणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवं पातं लावून त्याने ती भिंत उरकली. काम संपलं. दुपारी मी गच्चीवर गेले तर तो तिथे. ड्रोन नाही, नुसतीच टोपी. जुनेर सुरकुतीएवढंही हलत नव्हतं.

"आज किती?"

टोकांना एकही दगड ठेवला नाही. सगळ्यात मोठा उचलला आणि मधोमध ठेवला.

"पाच," म्हटलं.

अक्षता जिन्यातून बघत होती. बघू दे.