तीनदा दाबलेलं बटण

"पण शून्यापासून का मोजायचं, बाई? पहिलं ते पहिलं. एक!"

काकूंनी हे मला त्या दुपारी सातव्यांदा विचारलं. टपाल कचेरीतून निवृत्त होऊन त्या प्रोग्रामिंग शिकायला आल्या होत्या. यादीतली पहिली वस्तू कॉम्प्युटरच्या लेखी शून्याव्या जागेवर असते, हे काही केल्या त्यांच्या गळी उतरत नव्हतं. मी फळा भरून टाकला, टेबलावर पेन्सिली ओळीने मांडून दाखवल्या… काकू ढिम्म!

"काकू," दारातून आवाज आला, "लिफ्टमध्ये शिरल्यावर तळमजल्यासाठी कोणतं बटण दाबता?"

"शून्य."

"मग? इमारतीचा सगळ्यात पहिला थर तोच ना? त्याच्यावरचा तो पहिला मजला."

"अगं बाई! एवढंच होय!" काकूंनी टेबलावर थाप मारली. "मग हे आधीच सांगायचं की!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षं मी या संस्थेत मदतीच्या टेबलावर बसते. वर्गात ज्याला जे कळलं नाही, ते घेऊन तो माझ्याकडे येतो. कुणी कंस उघडतं आणि मिटवायला विसरतं, कुणी बेरजेसाठी आकडे देतं पण ते अवतरणचिन्हांत, मग दोन आणि दोन बावीस होतात. आजवर एकही माणूस माझ्या टेबलावरून रिकाम्या हाताने परत गेलेला नाही. मी गर्विष्ठ आहे असं वहिनी म्हणते. आहेच मी. आणि आज कुणीतरी दारात उभ्या उभ्या माझ्या सहा वर्षांवर पाणी फिरवलं होतं!

वळून पाहिलं. खांद्याला अवजारांची पिशवी, बोटांना काळं ग्रीस, आणि हसू असं, की जणू स्वतःच्याच घरात उभा आहे. लिफ्टचा मेकॅनिक. लिफ्टच्या खोलीची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये असते, ती न्यायला आलेला.

"किल्ली हवीय, की अक्कल वाटायला आलात?" मी विचारलं.

"किल्लीच हवीय. अक्कल वाटायला आधी जवळ असावी लागते, मॅडम." त्याने किल्ली घेतली आणि जाता जाता थांबला. "म्हणून तर सोमवारपासून तुमच्याकडे शिकायला येतोय. नाव घातलंय कालच."

सोमवारी तो खरंच आला. बसण्याआधी दोन्ही हात साबणाने तीनदा धुऊन आला, रुमालाने एकेक बोट पुसलं, आणि मगच कीबोर्डला हात लावला. काकूंनी मला कोपराने ढोसलं. मी लक्ष दिलं नाही. म्हणजे… दिलं, पण दाखवलं नाही.

त्याची गोष्ट मला हळूहळू कळली. चौदा वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. नुसत्या आवाजावरून सांगायचा, कुठला दोर सैल झालाय आणि कुठलं चाक झिजलंय. पण आता नव्या लिफ्ट प्रोग्रामवर चालणार होत्या. कंपनीने परीक्षा ठेवली होती. जो पास होईल तो नव्या लिफ्टवर जाणार. जो होणार नाही त्याने तळघरात बसून जुने भाग पुसायचे, तेल घालायचं. एकदा तो नापास झाला होता. चार महिन्यांनी दुसरी परीक्षा होती, आणि तीच शेवटची. त्याला लहानाचं मोठं करणारी थोरली बहीण, अक्का, रोज फोन करून विचारायची, "आज काय शिकलास रे?"

आणि काय शिकत होता, विचारा! स्क्रीनवर लाल अक्षरं आली की हा पठ्ठ्या ती न वाचताच खिडकी बंद करायचा.

"का बंद केलंत?"

"ओरडतंय ते माझ्यावर."

"ओरडत नाहीये. काय बिघडलंय ते सांगतंय. शेवटची ओळ आधी वाचा, तिथे चूक कोणती ते लिहिलेलं असतं. लिफ्ट कुरकुरली की तुम्ही कान बंद करून घेता का?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, हे तुम्ही लिफ्टचं उदाहरण दिलंत."

"मग?"

"माझ्यासाठी दिलंत."

"काकूंना पण चालतं ते उदाहरण," मी म्हटलं आणि कान तापलेत हे लपवायला फाईल उघडली. उलटी उघडली होती, हे नंतर काकूंनी सांगितलं.

पण त्या दिवसापासून तो वाचायला लागला. बोट ठेवून, पुटपुटत वाचायचा. पंधरा दिवसांत स्वतःच्या चुका स्वतः शोधायला लागला. शोधली की विजयी वीरासारखा माझ्याकडे बघायचा, आणि मी उगाच म्हणायची, "हं. ठीक आहे." एरवी कुणी चूक शोधली की मी टाळ्या वाजवते! याच्यापुढे मात्र हात हलायचे नाहीत. दुपारी चार वाजता तो यायचा, आणि पावणेचारपासून माझी नजर दाराकडे असायची. घरी वहिनीने विचारलं, "हल्ली ओढणी इस्त्री करून जातेस, काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही." ती म्हणाली, "हे 'काही नाही' दिसायला कसं आहे?"

टेबलाचा माझा एक कडक नियम आहे. मी शिकणाऱ्याच्या कीबोर्डला बोट लावत नाही. वाटेल तेवढा वेळ जाऊ दे, अक्षरं त्यानेच टाइप करायची. हात कितीही शिवशिवले तरी.

परीक्षेआधीच्या शनिवारी तो नियम मी मोडला.

तो आदल्या परीक्षेतला प्रश्न सोडवत होता. लोकांनी दाबलेल्या बटणांची यादी घ्यायची, लिफ्ट त्या त्या मजल्यावर न्यायची, दार उघडायचं, आणि सगळे मजले झाले की थांबायचं. त्याची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गेली आणि स्क्रीनवर उमटलं, 'दार उघडलं'. मग पुन्हा 'दार उघडलं'. पुन्हा. स्क्रीन भरून वाहायला लागली, थांबेचना. गंमत म्हणजे लाल अक्षरं कुठेच नव्हती. कॉम्प्युटरच्या मते सगळं छान चाललं होतं!

"मॅडम, शेवटची ओळच येत नाही. वाचू काय?"

चूक मला दिसत होती. दार उघडल्यावर तो मजला यादीतून खोडायचा राहिला होता, एवढंच. पण ती त्याची त्याला सापडावी कशी, हे मला सांगता येईना. तास गेला. त्याच्या कपाळावर घाम आला. तळघरात तेलाचा डबा घेऊन बसलेला तो मला डोळ्यांसमोर दिसायला लागला… आणि मी पुढे वाकले, त्याच्या हाताखालून कीबोर्ड ओढला आणि एक ओळ टाइप केली. खोडा. बस्स. लिफ्ट थांबली.

"अरे वा!" काकू म्हणाल्या.

मग त्याने मी लिहिलेली ओळ एकेक अक्षर करून पुसली.

"अहो, बरोबर होती ती!"

"असेल. पण माझी नव्हती." त्याने पिशवी खांद्याला लावली. "नापास होईन म्हणून घाबरलात ना, मॅडम? मी होईन, असंच वाटलं तुम्हाला."

मी तोंड उघडलं, पण तोवर तो जिन्यावरून उतरला होता. घरी जाऊन मी वहिनीवर ओरडले, आईवर ओरडले, जेवले नाही. एवढा कसला ताठा! मदत केली तर उपकार नाही, वर बोलणं! मग रडू आलं. कारण त्याचं खरं होतं. मी घाबरले होते. सहा वर्षांत कुणासाठी घाबरले नव्हते तेवढी.

मंगळवारी परीक्षा आमच्याच संस्थेत होती. मला खोलीत उभं राहायचं होतं, तेही फक्त एखादी मशीन बंद पडली तर चालू करायला. बारा मेकॅनिक बसले होते. प्रश्न तोच निघाला, मजले तेवढे वाढवलेले.

मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. त्याच्या स्क्रीनवर पुन्हा तेच. दार उघडलं, दार उघडलं, दार उघडलं… ओळ माहीत आहे तुम्हाला! लिहा ना! शनिवारी डोळ्यांसमोर लिहिली होती मी!

त्याने लिहिली नाही. प्रोग्राम थांबवला. प्रत्येक फेरीला यादी स्क्रीनवर दाखव, असं त्यात घातलं आणि पुन्हा चालवला. तीन, पाच. तीन, पाच. तीन, पाच. त्याने मान तिरकी केली. लिफ्टच्या भिंतीला कान लावतो तशी. मग खुर्चीत मागे रेलला, हवेतच बोटाने एक बटण दाबलं, आणि हसला. यादी त्याने अख्खी पुसून टाकली.

काय करतोय हा माणूस!

त्याने प्रत्येक मजल्याला एक दिवा दिला. बटण दाबलं की दिवा लागणार. दार उघडलं की विझणार. एकही दिवा उरला नाही की लिफ्ट थांबणार. खऱ्या लिफ्टमध्ये असतं तसंच, साधं, सरळ. वेळ संपायला चार मिनिटं बाकी होती.

मग कंपनीचे साहेब एकेका मशीनवर बसून तपासायला लागले. त्यांनी प्रत्येकाच्या लिफ्टमध्ये तिसरा मजला लागोपाठ तीनदा आणि मग पाचवा दाबला.

"घाईतला माणूस असंच करतो," ते म्हणाले. "एकदा दाबून त्याचं समाधान होत नाही."

पहिल्याची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर तीनदा उघडली. दुसऱ्याची तीनदा. यादीत तोच मजला तीनदा आला, एकदा खोडला तरी दोनदा उरला. माझी ओळ! माझ्या ओळीने हेच झालं असतं. ती बरोबर ओळ, सहा वर्षांच्या अनुभवाची, त्याला थेट तळघरात घेऊन गेली असती.

त्याची लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर गेली. दार उघडलं. एकदाच! आणि पाचव्याकडे निघाली. पेटलेला दिवा पुन्हा पेटवला तरी दिवा एकच असतो.

साहेबांनी चष्मा काढला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"शिकवलं ह्यांनी," त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. "पण हे सुचलं मला."

काय सांगू! माझी छाती इतकी फुगली, जणू मीच परीक्षा दिली होती. नाही… त्याहून जास्त. स्वतःच्या पहिल्या नंबराच्या वेळी सुद्धा मला असं झालं नव्हतं. बारापैकी तिघं पास झाले, आणि साहेबांनी पहिला नंबर त्याला दिला.

बाहेर व्हरांड्यात तो एकटाच पाणी पीत उभा होता. मी समोर गेले.

"माझी ओळ चुकीची होती," मी म्हटलं. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला म्हणत होते. "तुम्ही पुसलीत, बरं केलंत. आणि मी घाबरायला नको होतं… पण मी घाबरले, कारण… तुम्ही मला आवडता. फार. झालं, सांगितलं. आता हसायचं असेल तर हसा."

तो हसला नाही. ग्लास कठड्यावर ठेवायला गेला, तर तो खाली पडला.

"मॅडम, तुमची ती ओळ मला पाठ होती. शब्दन् शब्द," तो म्हणाला. "लिहिली असती तर… पास झालो असतो असं वाटत होतं मला. तरी लिहिली नाही. तुमच्या ओळीवर पास झालो असतो, तर तुमच्यासमोर जन्मभर शिकणाराच राहिलो असतो. आणि मला तुमच्यासमोर तसं उभं राहायचं नव्हतं."

"मग कसं राहायचं होतं?"

"असं." तो दोन पावलं पुढे आला. "तुमच्या बरोबरीने. मान वर करून. लग्नाचं विचारायला येतात तसं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. अक्का. त्याने कानाला लावला, "अक्का, पास झालो गं!" असं ओरडला आणि पुढे आवाजच फुटेना. पलीकडून अक्काचं रडणं आणि हसणं दोन्ही मला ऐकू येत होतं. मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"नमस्कार अक्का. तुमचा भाऊ बाराजणांत पहिला आला. त्याच्यासारखं उत्तर कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा नाही."

"हो का गं बाई!" अक्का म्हणाली. मग थबकून, "पण… तू कोण बोलतेस?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मान हलवत होता, हो, हो, हो.

"मी तुमची होणारी भावजय," मी म्हटलं, आणि इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारच्या वर्गात बसलेल्या काकू टाळ्या वाजवत बाहेर आल्या.