मुठीचा इशारा

बायको वारल्यापासून लोक विचारतात, तुमचं दोघांचं जमलं कसं? सांगतो.

उपचार केंद्राच्या दारात ती चपला काढायला वाकली होती. मी घाईत तिला धडकलो.

"दिसत नाही का हो?"

"वरून सगळं दिसतं... खाली आलो की गोंधळ होतो."

मी क्रेन चालवायचो. साखळी तुटून एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत ओझ्याखाली दबला, तेव्हापासून झोप उडाली होती. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. कुणीतरी गळ्याला चाकू लावून गल्ला नेला. त्यानंतर समोरून कुणी जवळ आलं, की तिला कापरं भरायचं. अगदी आई आली तरी.

केंद्रातल्या ताई म्हणायच्या, भीती अंगात घर करते, नुसतं बोलून निघत नाही. त्या आम्हाला जोडीनं उभं करायच्या. एकानं सावकाश चालत यायचं, दुसऱ्यानं अंग आखडलं की 'थांबा' म्हणायचं. नेमका मी तिच्या वाट्याला आलो. तिच्या तोंडून शब्द फुटेना.

"हातानं सांगा," मी म्हणालो. "क्रेनवाला खालच्या माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावरच चालतो. मूठ वळली, की जागच्या जागी थांबणार."

"नक्की?"

"मूठ उघडेपर्यंत हलणार नाही."

एकदा तिनं ओढणी सावरताना मूठ वळली. माझा एक पाय हवेत होता, तो तसाच ठेवला. तिच्या लक्षातच येईना. मी डुलायला लागलो.

"अहो, बगळ्यासारखे काय उभे राहिलात?"

"मूठ... तुमची मूठ—"

ती पोट धरून हसली. हसताना तिच्या नाकाला सुरकुत्या पडायच्या, ते मला त्या दिवशी कळलं. मग दर खेपेला तिची मूठ जरा उशिरा वळू लागली.

शेवटच्या दिवशी ताईंनी पाळी बदलली. आता तिनं यायचं, मी थांबवायचं. ती आली... केसांच्या तेलाचा वास येईल इतकी जवळ.

"थांबवा ना," ती हळूच म्हणाली.

"नाही थांबवत."

"पुढं जागाच नाही. तुम्हीच आहात."

"असू दे."

तिनं कपाळ माझ्या खांद्यावर टेकलं. कापरं तिला नाही, मला भरलं होतं.

"उद्यापासून इथं यायचं नाही," ती म्हणाली. "मग मी... कुणाकडे चालत जाऊ?"

"माझ्याकडेच या की. कायमच्या."

ताईंनी पुढच्या जोडीला हाक मारली. आम्ही दोघंही हललो नाही.