कमरेवरचे हात

बहारीनमध्ये, गुदैबियातल्या त्या फ्लॅटमध्ये एसीच्या घरघरीपेक्षा मोठा आवाज एकच होता. लीनाच्या आईचा.

"नळ उघडावा तर उकळतं पाणी, तेही खारट! यात डाळ शिजवू की तुझ्या बाबांचे शर्ट?"

१९८३चा सप्टेंबर. दहावीतली, दोन वेण्या घातलेली लीना जेवणाच्या टेबलाशी ब्रश आणि काळी शाई घेऊन बसली होती. शाळेच्या प्रदर्शनात यंदा आपणच पहिल्या, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. तिने आईला पाठमोरं काढलं. मानेवर घसरलेला अंबाडा, कमरेवर हात, बाहेर आलेली कोपरं. चेहरा नव्हताच, तरी बाई वैतागलीय हे कुणीही सांगितलं असतं.

"आई, बघ, तूच!"

आई बराच वेळ बघत राहिली. मग तिने कमरेवरचे हात हळूच खाली सोडले.

"छान आहे," ती म्हणाली.

त्यानंतर आई वैतागलीच नाही. एसी बंद पडला. "असू दे." लीनाने मुद्दाम दूध उतू घालवलं. "असू दे." आधी लीनाची मजाच झाली. मग आमटी अळणी होऊ लागली, अंबाडा बांधायचा राहू लागला. आई खिडकीशी बसून समोरची कोरी भिंत बघे.

"आई, ओरड ना गं माझ्यावर! एकदाच!"

"कशाला?"

चित्रातली शाई इतक्या दिवसांनीही ओलीच होती. कोपरं मात्र लीनाने काढली त्याहून वर चढली होती.

दुसऱ्या दिवशी चित्र शाळेत द्यायचं होतं. खड्ड्यात गेलं बक्षीस! तिने फाडायला कागद उचलला आणि थबकली. फाडला, आणि आईचं जे काही त्यात गेलंय तेही फाटलं तर?

"अगं, दे की परत!" लीना चित्रावरच ओरडली. "माझी आई आहे ती! वैताग आणलायस नुसता!"

तिने पाय आपटला. दोन्ही हात कमरेवर गेले.

मग छातीत कसं गार गार वाटलं.

हात खाली आले.

दारावर थापा पडत होत्या. बाबा ऑफिसातून आले होते. "अरे, आहे का कुणी घरात? किल्ली विसरलोय! घामाने निथळतोय मी इथे! यल्ला, लवकर उघडा!"

लीनाने शांतपणे दार उघडलं.

"बाबा, माझं चित्र बघा ना."

चित्रात अंबाड्याशेजारी आता दोन वेण्याही होत्या. कागदावर अजून बरीच जागा होती.