सत्ताविसावा गडी

"अहो पंच, डोळे घरी विसरलात का?"

बाबा स्कोअररच्या खिडकीतून हे मराठीत ओरडले, कारण हॉलंडमधल्या हूफडॉर्पच्या त्या बेसबॉलच्या मैदानावर मराठी कुणाला कळत नसे. स्कोअररनं खरं तर तटस्थ राहायचं असतं. आपल्या खोक्यात बसून कागदावर खुणा करायच्या, बास. पण बाबांना, म्हणजे श्रीनिवासरावांना, मनातलं कुठेतरी ओतून टाकायला लागायचं, आणि त्यासाठी मातृभाषेइतकी सुरक्षित जागा नव्हती. कित्येक उन्हाळे ही सोय बिनबोभाट चालली होती.

त्या रविवारी मात्र होम प्लेटमागे, फलंदाजाच्या पाठीशी, उभा असलेला नवा पंच वळला. त्यानं तोंडावरची जाळी वर केली आणि शांतपणे म्हणाला, "नाही हो काका, खिशात आहेत. गरज पडली की काढतो."

बाबांच्या हातातली पेन्सिलच खाली पडली.

शलाका शेजारीच होती. डीमनच्या आपल्या घरून डबा घेऊन आली होती, दर रविवारी यायची तशी. ती हसली नाही. बाबांची फजिती तिला रुचली नाही, आणि त्या माणसानं ऐटीत जाळी पुन्हा खाली ओढली ते तर त्याहून नाही.

चौथ्या डावात पाऊस आला. इथला पाऊस कोसळत नाही, गर्जत नाही. उगाच आलेल्या पाहुण्यासारखा नुसता बसून राहतो. चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या उंचवट्यावर ताडपत्री पडली आणि सगळे कँटीनच्या पत्र्याखाली जमले. पंचमहाशय तीन पेले चहा सांभाळत थेट त्यांच्याच टेबलाशी आले.

"विराज. झूटरमेरला असतो. पंच कमी पडतात, म्हणून मला असे गावोगाव फिरवतात."

"ही शलाका, माझी मुलगी," बाबा म्हणाले. "जपून बोल हिच्याशी. फार वाचते."

मग बाबांनी त्यांचा नेहमीचा प्रश्न टाकला. नव्या माणसाला कुणी गाव विचारतं, कुणी आडनाव, बाबा विचारायचे, "बेसबॉलच्या इतिहासातला सगळ्यात मोठा क्षण कोणता?" आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच सांगायचे, "दोन हजार अकरा. पनामा. आपण क्युबाला हरवून जगज्जेते झालो. दोन-एक!" क्रिकेटमध्ये बाबांचं 'आपण' म्हणजे भारत, बेसबॉलमध्ये हॉलंड. त्यात त्यांना काही अडचण नव्हती.

"माझा डेट्रॉइटचा," विराज म्हणाला. "दोन हजार दहा. तिथे शिकत होतो, मैदानातच होतो मी. पिचरनं ओळीनं सव्वीस गडी बाद केलेले, एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिला नव्हता. सत्ताविसावा बाद केला की परफेक्ट गेम. जन्मात एकदा मिळाला तर मिळतो असा. आणि सत्ताविसावा बाद झालासुद्धा… पण पंचानं त्याला नाबाद दिलं."

स्किपोलला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं. तिघंही पेला धरून थांबली. इथे बोलणारा प्रत्येकजण असा थांबतो.

"मग पंचानं चित्रण पाहिलं," विमान सरल्यावर विराज पुढे म्हणाला. "चूक कळली. जाऊन पिचरची माफी मागितली, रडला. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचाच्या हाती द्यायला तोच पिचर आला. अख्खं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. तो माझा क्षण. माफीचा."

"मला त्या पोराचं हसणं आवडतं," बाबा हळूच म्हणाले. "पंचानं नाबाद दिलं तेव्हा तो नुसता हसला. इतकं मोठं गेलं हातातून, आणि हसला! केवढं मन."

"हसायला नको होतं," शलाका म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"ओरडायला हवं होतं त्यानं. चुकणाऱ्याला टाळ्या मिळाल्या. ज्याचं गेलं त्याला काय मिळालं?"

"गाडी दिली त्याला," विराज म्हणाला. "लाल. झकास."

"गेलेलं गाडीत बसून परत आलं का?"

"बरं." त्यानं हार मानल्यासारखे हात वर केले. पापणीवर पावसाचा एक थेंब अडकला होता. तिला तो दिसला, आणि दिसला म्हणून तिला राग आला. "मग तुमचा मोठा क्षण कुठला?"

"ज्यात पंच कोण होता ते कुणाला आठवत नाही, तो."

बाबा मांडीवर थाप मारून हसले. खूप वेळ हसत राहिले.

पाऊस थांबला. सामना संपेपर्यंत थांबायचं तिच्या मनात होतं, पण बाबांनीच पिटाळलं. "जा, ट्रेन चुकेल. पुढच्या रविवारी थालीपीठ आण. आणि जरा त्याच्याशी नीट बोल गं… मुलगा बरा आहे." शेवटचं वाक्य त्यांनी रिकामा डबा तिच्या पिशवीत खुपसत, तोंड दुसरीकडे करून म्हटलं.

सोमवारी सकाळी बाबांनी फोन उचलला नाही.

*

इथे अग्नी दिल्यावर लोकांना कॉफी आणि केकचा तुकडा देतात. रीतच आहे. शलाका हातात बशी धरून उभी होती, येणारा प्रत्येक जण डच किंवा इंग्रजीत हळू आवाजात काहीतरी बोलून पुढे सरकत होता. केकवर पिवळं क्रीम होतं. बाबांच्या जाण्यावर पिवळं क्रीम! तिला ती बशी भिंतीवर फेकायची होती. ती म्हणत होती, "थँक यू. हो, हृदयविकार. अगदी अचानक."

विराज सगळ्यांत शेवटी आला. त्यानं केक घेतला नव्हता.

"तुम्हाला एक सांगायचं आहे. तुम्ही गेल्यावर, सहाव्या डावानंतर, काकांना घाम फुटला होता. जबडा चोळत होते. मी म्हटलं, शलाकांना फोन करतो. म्हणाले, ॲसिडिटी आहे, तिला कळवायचं नाही, शपथ आहे तुला. आणि… मी नाही कळवलं."

तिनं बशी टेबलावर ठेवली. आवाज होणार नाही अशी ठेवली.

"डॉक्टरला बोलवायला कुणाची परवानगी लागते?"

"वडीलधारं माणूस. म्हणाले, माझं शरीर मला कळतं. मला त्यांचा शब्द मोडवला नाही."

"दोन्ही संघ अंगावर धावून आले तरी तू निर्णय फिरवत नाहीस. आणि एका म्हाताऱ्यानं डोळे वटारले की गप्प?" त्याला पहिल्यांदा अरे-तुरे केलं ते असं. "तुला वाटलं असेल, डेट्रॉइटसारखं होईल. तू डोळे पुसशील, मी हात पुढे करेन. ते होणार नाही."

"माहीत आहे. माफीसाठी नाही आलो मी." तो तिच्याकडे सरळ बघत होता. "तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून आलो."

*

क्लबला स्कोअरर मिळेना. शलाकाला त्या खुणा अकराव्या वर्षापासून येत होत्या, बाबांनीच शिकवलेल्या. क्लबच्या बाईंनी फार संकोचानं विचारलं आणि ही चटकन हो म्हणाली. त्यांना वाटलं, वडिलांच्या आठवणीसाठी. खरं कारण साधं होतं: तिला राग काढायला एक जागा हवी होती, आणि ती जागा होम प्लेटच्या बरोबर वर, काचेमागे होती.

"तिसऱ्या डावातला तो स्ट्राइक नव्हता," सामना संपला की ती कँटीनमध्ये त्याला गाठायची.

"होता."

"चेंडू फलंदाजाच्या गुडघ्याच्या खाली होता. इतका खालचा स्ट्राइक धरत नाहीत."

"तुमच्या खोक्यातून गुडघे दिसतात?"

"दुर्दैवानं, तुझेसुद्धा."

पताटची, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या कापांची, पुडी दोघांच्या मध्ये असायची. ती खायची नाही म्हणून तो सावकाश खायचा. मग ती रागारागानं एक-एक उचलायला लागायची आणि पुडी संपायची. दर रविवारी तो एक नवा मोठा क्षण घेऊन यायचा. दर रविवारी ती तो उडवून लावायची.

"अठ्ठ्याऐंशीचा घ्या. दोन्ही पाय दुखावलेले, तरी बॅट घेऊन उतरला. चेंडू मैदानाबाहेर मारला आणि लंगडत चारही बेस फिरला."

"दुखत असेल तर घरी बसावं. दुखणं घेऊन खेळणारी माणसं मला मोठी वाटत नाहीत."

पुडीतला शेवटचा तुकडा त्यानं तिच्याकडे सरकवला.

"दुसऱ्या मैदानावर पाठवत नाहीत का रे तुला?" एकदा तिनं विचारलं.

"पाठवतात. मी इथलं मागून घेतो."

"का?"

"इथे चुका दाखवणारं माणूस आहे."

परतीच्या ट्रेनमध्ये ती पुस्तक उघडून बसली. तेच पान डीमन येईपर्यंत उघडं होतं. एका माणसावर चिडून राहायला आठवडाभर इतकी तयारी का करावी लागते, रविवारी कुठला कुर्ता घालायचा हे शुक्रवारीच का ठरतं, याचं उत्तर त्या पानावर नव्हतं. मग ती त्यासाठीही त्याच्यावरच चिडली.

*

ऑगस्टमधल्या एका सामन्यात बॅटची कड घेऊन चेंडू मागे उडाला आणि विराजच्या मनगटावर बसला. काचेमागेही आवाज आला. तो वाकला, मग सरळ झाला. हात पाठीमागे घेतला आणि म्हणाला, "काही नाही. चालू द्या."

काही नाही.

शलाका जिना उतरून मैदानात केव्हा आली ते तिलाही कळलं नाही. स्कोअररनं चालू सामन्यात मैदानात पाय ठेवायचा नसतो. दोन्ही संघ बघत राहिले.

"हात दाखव."

"अहो, जरासा लागलाय—"

"हात दाखव म्हणते ना!"

एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात ओरडली नव्हती. त्यानं हात पुढे केला. मनगटावर लिंबाएवढी सूज आली होती.

"हे काही नाही? ह्याला काही नाही म्हणतात तुमच्यात? कुठे शिकता रे तुम्ही सगळे हे? शाळा आहे का?" ती एका हातानं फोनवर रविवारच्या डॉक्टरचा नंबर शोधत होती. दुसऱ्या हातानं तिनं त्याचा कोपर धरून ठेवला होता, जणू सोडला तर तो पळून जाईल.

तपासणीच्या रांगेत दोघं शेजारी बसली. बर्फाची पिशवी मनगटावर तीच धरून होती.

"तुम्ही रडताय," तो म्हणाला.

"चिडलेय."

"तेही दिसतंय."

"आणि तुम्ही-तुम्ही करणं सोड आता. एवढं भांडून झाल्यावर शोभत नाही."

"मग काय म्हणू?"

"नाव आहे मला."

"शलाका," तो म्हणाला. सावकाश, जपून म्हणाला. ती बर्फाच्या पिशवीकडे बघत राहिली. "इथलं मैदान का मागून घेतो, ते मी अर्धंच सांगितलं होतं."

"उरलेलं सांग."

"राग येईल."

"आलेलाच आहे. सांग."

"तू भांडतेस तेव्हा कपाळावरची बट फुंकरीनं उडवतेस. ते बघायला येतो. दर रविवारी ठरवतो, आज सांगायचं… आणि वाटतं, कुठल्या तोंडानं हे म्हणू."

तिनं नेमकी तेव्हाच बट फुंकली, आणि दोघंही हसली. हसता हसता तिचा चेहरा उतरला.

"मी एकोणीस वर्षांची होते," ती म्हणाली. "ग्रोनिंगनला शिकत होते. बाबा रोज फोनवर सांगायचे, आईला सर्दी आहे, झोपली आहे. माझी परीक्षा होती ना! परीक्षा संपल्यावर बोलावलं. तोवर आई ओळखत नव्हती मला, आणि मग गेलीच. बाबा दारात इतके लहान होऊन उभे होते… मी हसले. म्हटलं, बरं केलंत बाबा, पेपर चांगले गेले."

विराज पुरता तिच्याकडे वळून बसला.

"मला खरं येऊन सांगणारा तू पहिला माणूस. आणि सगळा उन्हाळा मी तुलाच धारेवर धरलं."

"माझीही चूक होतीच."

"होतीच," ती म्हणाली. "ती नाही मी पुसून टाकणार. आपल्याजवळ राहील. चालेल?"

"चालेल," तो म्हणाला.

*

स्टेशनहून आणलेल्या सायकली मैदानावरच राहिल्या होत्या. परत आले तेव्हा सामना केव्हाच आटोपला होता, गवतावर लांब ऊन पडलं होतं. विराजचा हात प्लॅस्टरमध्ये होता. सायकल नेणार कशी, यावर दोघांचं फाटकापासून भांडण चाललं होतं. होम प्लेटपाशी ती थांबली आणि वर पाहिलं. काचेमागची खुर्ची रिकामी होती.

"तो पिचर," ती म्हणाली. "खरंच ओरडला असता तर?"

"निकाल बदलला नसता."

"माहीत आहे."

तिनं त्याचा बरा हात हातात घेतला. खुर्चीकडे बघत तोंड उघडलं. शब्द बाहेर पडले आणि त्याच क्षणी विमान डोक्यावर आलं. त्याचं पांढरं पोट सगळं आकाश व्यापून गेलं. तिचे ओठ हलताना विराजला फक्त दिसले.

विमान गेलं. मैदान पुन्हा शांत झालं.

"नाही ऐकू आलं," तो हळूच म्हणाला.

तिला सोडून देता आलं असतं. आजवर सोडलं तसं, हसून. तिनं त्याचा हात घट्ट धरला.

"बाबा, तुम्ही चुकलात!" ती ओरडली, मराठीत, बाबांच्याच मैदानावर. "चुकलात तुम्ही! दोन्ही वेळा! मला सांगायला हवं होतं. आईचं सांगायला हवं होतं, तुमचं सांगायला हवं होतं… मी आले असते हो, बाबा. सगळं टाकून, धावत आले असते!"